डिझाइनचे संशोधन : वस्तू उरते, ज्ञान कोठे जाते?

बहुतेक शाळांत प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक कपाट असते. कधीकाळी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळवलेली उपकरणे त्यात ठेवलेली असतात. पुठ्ठ्याचा परिदर्शी, सलाइनच्या नळीचा जलदाबमापी, सायकलच्या चाकावर बसवलेली पवनचक्की. त्यांवर धूळ असते आणि एखादा भाग हमखास निखळलेला असतो. ज्या शिक्षकांनी ती बनवली ते बदलून गेलेले किंवा निवृत्त झालेले असतात. उपकरण असेच का बनवले, आधीचे दोन नमुने का फसले, मुलांचा हात कोठे अडखळला, यांतले काहीही कोठे लिहून ठेवलेले नसते. नवे शिक्षक येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे नुकसान चटकन जाणवते. आमच्याकडे फसलेला प्रयोगसुद्धा वहीत नोंदवावा लागतो आणि जमलेला प्रयोग शोधनिबंधातून इतरांपुढे ठेवावा लागतो. वस्तू घडवणाऱ्यांच्या जगात मात्र पूर्वापार वस्तू हाच पुरावा मानला गेला. सुतार, गवंडी, कुंभार किंवा यंत्रे बनवणारा अभियंता, यांचे ज्ञान त्यांच्या हातात असे आणि हातांबरोबरच जात असे. हे ज्ञान शब्दांत मांडता येईल का, तपासता येईल का, दुसऱ्याला देता येईल का, हा प्रश्न घेऊन गेल्या साठ वर्षांत एक विद्याशाखा उभी राहिली. तिला डिझाइन-संशोधन म्हणतात. या शाखेत काय शोधतात, ते कोठे प्रसिद्ध होते आणि शिक्षकांचा तिच्याशी काय संबंध, हे या लेखात पाहू.

डिझाइन म्हणजे नक्षी नव्हे

मराठीत ‘डिझाइन’ म्हटले की साडीचा काठ किंवा रांगोळी डोळ्यांसमोर येते. अभिकल्प, संकल्पन, रचना असे प्रतिशब्द सुचवले गेले, पण बोलण्यात डिझाइन हाच शब्द रुळला. येथे त्याचा अर्थ व्यापक आहे. एखादी गरज ओळखून, हाताशी असलेली सामग्री, पैसा, वेळ आणि वापरणारा माणूस यांचा मेळ घालत, अजून अस्तित्वात नसलेली गोष्ट ठरवणे म्हणजे डिझाइन. ती गोष्ट खुर्ची असेल, पाठ्यपुस्तकाचे पान असेल किंवा रुग्णालयातील नोंदणीची पद्धतही असेल.

अमेरिकी डिझाइनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचे उदाहरण घेतले. लोट्यात पाणी किती मावावे, तो कमरेवर किंवा डोक्यावर कसा बसावा, ओतताना धार कशी पडावी, आतून घासता कसा यावा, अशा कितीतरी प्रश्नांची उत्तरे त्याच्या आकारात सामावलेली आहेत. ती कोणा एका माणसाने शोधलेली नाहीत, पिढ्यान्‌पिढ्यांनी शोधली आहेत. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. १९६९ मध्ये पवईच्या आय.आय.टी.त औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. तेच आजचे आय.डी.सी. स्कूल ऑफ डिझाइन. रुपयाचे ₹ हे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले, त्याचे रचनाकार उदय कुमार याच केंद्रात पीएच.डी. करत होते.

एक विद्याशाखा जन्माला येते

१९६२ साली लंडनमध्ये ‘डिझाइनच्या पद्धती’ या विषयावर एक परिषद भरली. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रे आणि शहरे इतकी गुंतागुंतीची झाली होती की केवळ अनुभवी डोळ्यावर विसंबून चालणार नाही, असे तेथे जमलेल्यांना वाटत होते. या परिषदेतून पुढे १९६६ मध्ये डिझाइन रिसर्च सोसायटी स्थापन झाली. १९७९ मध्ये ‘डिझाइन स्टडीज’ ही शोधपत्रिका निघाली. अमेरिकेत १९८४ पासून ‘डिझाइन इश्यूज’ निघू लागले. त्यात इतिहास, सिद्धान्त आणि समीक्षा यांवर भर होता.

सुरुवातीच्या कामाचे एक चांगले उदाहरण म्हणजे रुग्णालयातील खाट. १९६० च्या दशकात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ब्रूस आर्चर यांच्या गटाने ब्रिटिश रुग्णालयांसाठी प्रमाणित खाट तयार केली. त्यांनी आधी सुंदर चित्र काढले नाही. परिचारिका खाटेशी काय काय करतात ते पाहिले, गरजांची यादी केली, नमुने बनवून प्रत्यक्ष वॉर्डात वापरून घेतले आणि मग रचना ठरवली. खाट तयार झाली, पण त्याबरोबर ‘असे काम कसे करावे’ याचे लिखित ज्ञानही तयार झाले. हे दुसरे फळ म्हणजेच डिझाइन-संशोधन.

ब्रिटिश अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये अशा संशोधनाचे तीन प्रकार सांगितले. पहिला, डिझाइनविषयी संशोधन : तिचा इतिहास, तिची विचारपद्धती. दुसरा, डिझाइनद्वारे संशोधन : वस्तू घडवता घडवताच नवे ज्ञान मिळवणे. तिसरा, डिझाइनसाठी संशोधन : वस्तू घडवण्याआधी लागणारी माहिती जमवणे. यांतला दुसरा प्रकार सर्वांत वादग्रस्त ठरला. नुसती वस्तू बनवली म्हणजे संशोधन झाले का? आज बहुतेक शोधपत्रिकांचे उत्तर असे आहे : वस्तू पुरेशी नाही. तिच्यापासून दुसऱ्याला उपयोगी पडेल असे काय कळले, ते पुराव्यानिशी सांगावे लागते.

रंगीत ठोकळ्यांचा प्रयोग

या संशोधनात नेमके काय सापडते, याची दोन उदाहरणे पाहू. दोन्ही थेट वर्गाशी भिडतात.

ब्रायन लॉसन यांनी १९७९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वास्तुकलेचे आणि विज्ञानाचे उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी असे दोन गट होते. त्यांना रंगीत लाकडी ठोकळे देऊन एका चौकटीत अशी मांडणी करायला सांगितली की बाहेरच्या भिंतींवर एखादा ठराविक रंग जास्तीत जास्त दिसावा. मात्र कोणते ठोकळे एकत्र चालतात याचा एक नियम लपवून ठेवला होता. मांडणी केल्यावर ती चालते की नाही, एवढेच कळे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आधी नियम शोधायचा प्रयत्न केला. वेगवेगळे ठोकळे भराभर मांडून त्यांनी माहिती जमवली. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी थेट चांगली वाटणारी मांडणी करून पाहिली. ती नाकारली गेली की पुढची. एकाने प्रश्नाचा अभ्यास करून उत्तराकडे जायचे, दुसऱ्याने उत्तरे सुचवत प्रश्न समजून घ्यायचा. पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शाळा नुकतीच संपवलेल्या आणि वास्तुकलेच्या पहिल्या वर्षात असलेल्या मुलांकडून लॉसन यांनी हेच काम करून घेतले, तेव्हा असा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे विचार करण्याची ही सवय बहुधा शिक्षणातून लागते.

नायजेल क्रॉस यांनी १९८२ मध्ये ‘डिझाइन स्टडीज’मधील एका निबंधात हाच धागा पुढे नेला. विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्याबरोबर डिझाइन ही ज्ञानाची तिसरी रीत आहे, आणि म्हणून ती व्यवसाय शिक्षणापुरती न ठेवता सर्वसाधारण शिक्षणाचा भाग असावी, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्या शाळांत विज्ञान शिकवताना आपण पहिली रीत शिकवतो. प्रदर्शनासाठी उपकरण बनवायला सांगतो तेव्हा मात्र मुलांकडून न शिकवलेली तिसरी रीत अपेक्षितो.

नमुना दाखवण्याचा धोका

दुसरे उदाहरण १९९१ मधील आहे. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना न सांडणारा कॉफीचा पेला डिझाइन करायला दिला. निम्म्यांना एक नमुना दाखवला. त्यात जाणूनबुजून चुका ठेवल्या होत्या. पेल्याला पिण्यासाठी नळी होती, आणि सूचना मात्र स्पष्ट होती की नळी वापरू नये. तरीही नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत नळी पुनःपुन्हा आली. ज्यांनी नमुना पाहिला नव्हता त्यांच्या चित्रांत हा दोष बराच कमी होता. या प्रकाराला लेखकांनी ‘डिझाइन फिक्सेशन’ असे नाव दिले. आपण त्याला नमुन्यात अडकणे म्हणू.

फळ्यावर आपण एकच आकृती काढतो आणि मग ‘स्वतःच्या कल्पनेने बनवा’ असे सांगतो, तेव्हा वर्गात काय होते ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. पन्नास उपकरणे येतात आणि पन्नासही सारखी असतात. दोष मुलांच्या कल्पनाशक्तीचा नसतो. म्हणून नमुना दाखवायचाच असेल तर एकाऐवजी परस्परांहून भिन्न असे अनेक दाखवणे, किंवा मुलांनी पहिले चित्र काढल्यानंतरच दाखवणे, हे करून पाहण्यासारखे आहे.

द्वाड प्रश्न

डिझाइनच्या पद्धती गणितासारख्या पायऱ्यापायऱ्यांनी मांडता येतील, ही १९६२ ची आशा फार टिकली नाही. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की समाजातील कितीतरी प्रश्न मुळातच वेगळ्या जातीचे असतात. त्यांची नेमकी व्याख्या करता येत नाही, उत्तर बरोबर की चूक असे ठरत नाही, फार तर बरे की वाईट असे म्हणता येते. आणि प्रत्येक उपाय परिस्थिती बदलून टाकतो, त्यामुळे तो पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही. त्यांना त्यांनी ‘विकेड’ म्हणजे द्वाड प्रश्न म्हटले.

दप्तराचे ओझे हा असाच द्वाड प्रश्न आहे. यशपाल समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा विचार मांडला, तेव्हा तिचा रोख वजनापेक्षा न समजता करायच्या पाठांतराकडे होता. महाराष्ट्रात २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असा निर्णय झाला. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच लिहिण्यासाठी कोरी पाने घातली गेली. पाने आली तरी वह्या दप्तरातून गेल्या नाहीत, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. मग प्रश्न दप्तराचा, पुस्तकाचा, वेळापत्रकाचा, की शाळेत वह्या ठेवायला जागा नसण्याचा? प्रत्येक उत्तराबरोबर प्रश्नच बदलतो. अशा फसलेल्या उपायाची काळजीपूर्वक केलेली नोंद, म्हणजे मुलांनी ती पाने कशी वापरली किंवा का वापरली नाहीत याचा अभ्यास, हे उत्तम डिझाइन-संशोधन ठरेल. आणि तो अभ्यास वर्गात रोज उभे राहणाऱ्या शिक्षकाइतका चांगला कोणीही करू शकणार नाही.

आज कशावर लिहिले जाते?

या क्षेत्रातील अलीकडचे विषय पाहिले तर चार प्रवाह ठळक दिसतात.

पहिला सहभागाचा. १९८१ ते १९८५ या काळात स्कॅन्डिनेव्हियात मुद्रण कामगारांच्या संघटना आणि संशोधक यांनी मिळून ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प केला. वृत्तपत्राच्या छपाईत संगणक येणार होता. त्याची रचना कामगारांसह ठरवायची होती, आणि तसे संगणक तेव्हा हाताशी नव्हते. म्हणून त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडली, एका खोक्यावर ‘लेसर प्रिंटर’ असे लिहिले आणि त्यांच्यासमोर काम करून पाहिले. काय सोयीचे आणि काय गैरसोयीचे ते कामगारच सांगू लागले. वापरणाऱ्याला बरोबरीने घेऊन डिझाइन करण्याच्या या रीतीवर २००५ पासून ‘कोडिझाइन’ ही स्वतंत्र शोधपत्रिका निघते.

दुसरा प्रवाह पर्यावरणाचा. व्हिक्टर पापानेक यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात टाकाऊ आणि निरुपयोगी वस्तूंचा पूर आणणाऱ्या डिझाइनरांवर कडक टीका केली होती. आज दुरुस्ती करता येईल अशी वस्तू, तिचे आयुष्य, तिच्यानंतरचा कचरा यांवर भरपूर लेखन होते. तिसरा प्रवाह स्थानिक ज्ञानाचा. कारागिरी, लिपी, प्रादेशिक भाषा यांचा. देवनागरी अक्षरांच्या छपाईवर बापूराव नाईक यांनी केलेले मोठे काम १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. र. कृ. जोशी यांनी सुलेखनापासून संगणकाच्या ‘मंगल’ टंकापर्यंतचा प्रवास घडवला. चौथा प्रवाह कृत्रिम बुद्धिमत्तेचा. यंत्र क्षणात शंभर चित्रे काढून देते, तेव्हा माणूस नमुन्यात अधिक अडकतो की मोकळा होतो, हा १९९१ चाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला आहे.

शालेय शिक्षणाशी जोडलेले कामही आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी शहरी इंग्रजी माध्यमाच्या, शहरी मराठी माध्यमाच्या आणि ग्रामीण आदिवासी भागातील मुलांकडून पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती, बाहुल्या यांचे डिझाइन करवून घेतले. मुले काय बोलतात, चित्रे कशी काढतात, काम कसे वाटून घेतात याच्या नोंदी केल्या. बाहुल्यांवरचा त्यांचा निबंध २००९ मध्ये तंत्रज्ञान व डिझाइन शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेत आला. मराठी शाळेतील मुलांची चित्रे जागतिक शोधपत्रिकेचा विषय होऊ शकतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कोठे प्रसिद्ध करावे?

डिझाइनमध्ये परिषदांना शोधपत्रिकांइतकेच महत्त्व असते. डिझाइन रिसर्च सोसायटीची परिषद दर दोन वर्षांनी भरते आणि तिचे निबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. आपल्याकडे २००६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने डिझाइन-संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद सुरू केली. २०२१ ची परिषद पवईच्या आय.डी.सी.ने दूरस्थ पद्धतीने घेतली. तैवानमधून २००७ पासून निघणारी ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ डिझाइन’ ही पत्रिका वाचकांना खुली आहे. शांघायच्या तोंगजी विद्यापीठाची ‘शे जी’ २०१५ मध्ये सुरू झाली.

शिक्षकांसाठी जवळची दारेही आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘रेझोनन्स’मध्ये १९९६ पासून वर्गातील अनुभवांसाठी स्वतंत्र सदर आहे. एन.सी.ई.आर.टी.ची ‘स्कूल सायन्स’ आहे. मराठीत ‘जीवन शिक्षण’ आणि ‘शिक्षण संक्रमण’ ही नावे आपल्या परिचयाची आहेत. पहिला लेख मराठीत लिहावा. आपल्या भाषेत जे स्पष्ट मांडता येते तेच पुढे दुसऱ्या भाषेत नेता येते.

पैसे घेऊन छापणारे

येथे एक इशारा देणे भाग आहे. ‘तीन दिवसांत निबंध प्रसिद्ध, शुल्क पंधराशे रुपये’ अशी पत्रे बहुतेक प्राध्यापकांना आणि आता शिक्षकांनाही येतात. मला ओळखणाऱ्या एका शिक्षिकेने असे शुल्क भरले. निबंधावर एकही प्रश्न विचारला गेला नाही, चुकीचा तक्ता चुकीचाच छापला गेला, आणि वर्षभरात ते संकेतस्थळच नाहीसे झाले. पैसे गेले याचे त्यांना एवढे दुःख नव्हते. दोन वर्षे केलेल्या निरीक्षणांची गत कपाटातल्या उपकरणासारखी झाली, याचे होते.

हा धंदा फोफावण्याचे कारण आपल्याच नियमांत होते. निबंधांच्या संख्येवर पदोन्नतीचे गुण ठरले, तेव्हा संख्या पुरवणारे दुकानदार उभे राहिले. पुणे विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आलेल्या आणि अन्य सूचींत नसलेल्या ज्या पत्रिका तपासल्या, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरल्या. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. पुढे पुणे विद्यापीठातील कक्षाच्या साहाय्याने ‘केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवण्यात आली. पीएच.डी.साठी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती २०२२ च्या नियमांतून वगळली गेली.

यादी नसली तरी पारख करता येते. आय.एस.एस.एन. क्रमांक म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे, ती फक्त नोंदणी आहे. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या विषयात काम करतात का ते पाहावे. मागील अंकांतील दोन निबंध पूर्ण वाचावेत. शुल्काची माहिती आधीच दिली आहे का हे तपासावे. शुल्क असणे हा स्वतःहून दोष नव्हे, कारण अनेक चांगल्या खुल्या पत्रिका लेखकाकडून शुल्क घेतात. पण परीक्षण न करता ते घेणे ही फसवणूक आहे. सगळ्यांत सोपी कसोटी अशी : चांगली पत्रिका तुमचा निबंध सहसा पहिल्या फेरीत जसाच्या तसा स्वीकारत नाही. ती प्रश्न विचारते.

शिक्षकाने काय लिहावे?

अरविंद गुप्ता यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून आकृत्या बनवल्या. त्रिकोण ताठ राहतो, चौकोन लचकतो, हे मुलाच्या बोटांना कळते. ही कल्पना एका वर्गात संपली नाही, कारण ती पुस्तकांतून, कृतींसह, सर्वांना खुली ठेवली गेली.

आपल्या उपकरणाबद्दल लिहिताना पाच गोष्टी नोंदवल्या तरी पुष्कळ झाले. मुलांची नेमकी अडचण कोणती होती? आधी उपलब्ध असलेले उपकरण का अपुरे पडले? मी कोणते नमुने केले आणि ते कोठे फसले? किती मुलांनी, किती वेळ, कसे वापरले, आणि मी काय पाहिले? आणि शेवटी, माझ्या शाळेत नसलेल्या शिक्षकाला यातून काय घेता येईल? पाचवा प्रश्न कठीण आहे. त्याचे उत्तर सापडले तर तो अनुभव संशोधन होतो. न सापडल्यास तो चांगला अनुभव राहतो, आणि तोही लिहिण्याजोगा असतो. मुलांची छायाचित्रे किंवा कामे वापरायची तर पालकांची आणि शाळेची परवानगी घ्यावी.

सुरुवात कपाटापासून करता येईल. त्यातले एक जुने उपकरण बाहेर काढावे, शक्य असल्यास ते बनवणाऱ्या शिक्षकांना गाठावे आणि त्यांना तिसरा प्रश्न विचारावा. काय फसले होते, हे सांगायला माणसे सहसा उत्सुक असतात. आजवर त्यांना ते कोणी विचारलेले नसते.